राम मोहन यांच्या स्टुडिओचं ‘स्वतःचं’ काय, असं विचारणाऱ्यांना

पेन्सिलवाला:
जानेवारी २०२५ मध्ये जपानी-भारतीय रामायण, म्हणजे अॅनिमेशनपटकार राम मोहन यांचाही हात लागलेला तो कार्टून सिनेमा, पुन्हा थिएटरात लागला, त्यावर काल चौकट२४ यांनी लिहिलं: "चित्रं जपान्यांची, पैसा जपानचा आणि टाळ्या राम मोहनांना. १९७२ पासून स्टुडिओ चालवला, पण स्वतःचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट नाही. जाहिराती आणि दुसऱ्यांच्या सिनेमातले तुकडे, एवढाच वारसा." वाचून झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हा माणूस १९५६ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागला. शिकवायला कोण, तर डिस्नेत ‘बॅम्बी’ सिनेमावर काम केलेले क्लेअर वीक्स. सरकारी नोकरी सोडून ते आधी प्रसाद प्रॉडक्शन्समध्ये गेले आणि १९७२ मध्ये त्यांनी राम मोहन बायोग्राफिक्स हा स्वतःचा स्टुडिओ काढला. तेव्हा मुंबईत अॅनिमेशनला गिऱ्हाईक होतं कोण? जाहिरातवाले आणि सरकार, बस. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी, दर दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी एका मिनिटाला ७२० चित्रं लागतात. ती पेन्सिलने काढा, सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर, ट्रेस करा, मागच्या बाजूने रंगवा, मग एकेक करून कॅमेऱ्याखाली धरा. नव्वद मिनिटांचा सिनेमा म्हणजे ६४,८०० चित्रं, तीही एकाच पात्राचा एकच थर धरून. एवढे पैसे कुठला वितरक देणार होता? जाहिरातींवर चूल पेटत होती म्हणून स्टुडिओतली पोरं काम शिकू शकली.

आणि ‘तुकडे’ म्हणता? ‘शतरंज के खिलाडी’तला राम मोहनांच्या अॅनिमेशनचा तो प्रसंग पुन्हा बघा, इंग्रज एकेक राज्य चेरीसारखं गिळतात तो. पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी अशी एकेक चेरी गट्टम होते आणि अवधची तेवढी उरते. आमच्या साताऱ्याचं संस्थान कसं गेलं हे शाळेच्या पुस्तकाने दोन पानांत सांगितलं, ते मला त्या चेरीने कळलं.

चौकट२४:
चेरी मलाही आवडते, पण सिनेमा सत्यजित रे यांचा आहे. माझा मुद्दा मालकीचा होता आणि त्याला तुम्ही हातच लावला नाही. ‘मीना’ ही गावातल्या मुलीची कार्टून मालिका युनिसेफची. रामायणाची कल्पना आणि ध्यास जपानी निर्माते युगो साको यांचा. पुढे स्टुडिओही यूटीव्ही या कंपनीबरोबर विलीन झाला. इतकी वर्षं घासून हातात स्वतःचं एक पात्र नाही, ज्याच्या जिवावर पुढची पिढी जगेल. त्यांच्या कष्टाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या पद्धतीने धंदा केला तिच्याबद्दल आहे, कारण तीच पद्धत आपल्याला चिकटली. आजही मुंबई-पुण्यातले शेकडो आर्टिस्ट परदेशी मालिकांचे शॉट पुरे करून देतात आणि घरी येऊन आईला सांगू शकत नाहीत की बघ, हे माझं.

दूरदर्शनवेडी:
अहो, ‘एक चिडिया, अनेक चिडिया’ विसरलात! अख्खं लहानपण त्यावर काढलं. राम मोहनांचं एवढं एकच काम असतं तरी मी त्यांना हात जोडले असते.

पेन्सिलवाला:
ताई, ते अॅनिमेशन भीमसेन यांचं (गायक नव्हेत). १९७४ चं. दिग्दर्शन विजया मुळे यांचं आणि संगीत वसंत देसाईंचं. पण चूक बरी झाली. भीमसेन फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवायला लागले आणि अॅनिमेशन शिकले ते राम मोहनांच्या हाताखाली. मग १९७० मध्ये ‘द क्लाइंब’ हा लघुपट केला, त्याला शिकागोच्या चित्रपट महोत्सवात सिल्व्हर ह्यूगो पुरस्कार मिळाला. चौकटराव, वारसा असाही मोजतात.

गिरणगावकर:
विजया मुळे आपल्या मराठी, वसंत देसाई आपले. दादासाहेब फाळक्यांनी पडद्यावर आगकाड्या हलवून दाखवल्या, प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट केला. तरी मराठीत अॅनिमेशनचा पत्ता नाही. यावर कोणी बोलणार आहे का?

रंगारीण:
मी बोलते, पण वेगळ्याच गोष्टीवर. तुम्ही सगळे दिग्दर्शक, संगीतकार, मालक यांची नावं घेताय. सेल रंगवणाऱ्या बायकांचं नाव या धाग्यावर एकदाही आलं नाही.

१९९१ मध्ये मी एका स्टुडिओत होते. नाव सांगत नाही, आणि राम मोहनांचा नव्हता हे आधीच सांगते. आम्ही अकरा जणी. हातात सुती मोजा, त्याची दोन बोटं कापलेली, कारण सेलला घामाचा डाग पडला की तो कॅमेऱ्यात दिसतो. मे महिन्यात पंखा बंद, ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून. सेलमागे पैसे. रेघेबाहेर रंग गेला की त्या सेलचे पैसे कापायचे. एका जाहिरातीत लाल फुगा उडत जातो, तो सगळा मी रंगवला. टीव्हीवर लागली की मी मुलीला हाक मारायचे. शेवटचे दोन महिने पैसे मिळाले नाहीत आणि एके दिवशी दाराला कुलूप.

चौकट२४:
वाईट वाटलं. पण याचा मूळ विषयाशी काय संबंध? ज्याच्याकडे तुम्ही नव्हता, त्याच्या हिशेबात हे कशाला?

रंगारीण:
संबंध नाही? मालकीचा मुद्दा तुम्ही काढलात. फुगा कोणाचा, ते सांगा.

गिरणगावकर:
आता तर आणखी वाईट आहे. माझ्या भाच्याने एका संस्थेत साडेतीन लाख भरून कोर्स केला. नोकरीची हमी होती. आज वरळीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतोय. सॉफ्टवेअर तीन शिकवली, पण चालणाऱ्या माणसाचं वजन कुठल्या पायावर असतं ते शिकवलं नाही.

पेन्सिलवाला:
हेच तर म्हणतोय! वजन कुठल्या पायावर, हे टेबलाशेजारी बसून शिकावं लागतं. ती टेबलं छोट्या स्टुडिओत होती. रामायणाच्या वेळी धोतर कसं नेसतात, मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे आपल्या लोकांनी जपानी चित्रकारांना दाखवलं. ते पडद्यावर आहे. ‘चित्रं जपान्यांची’ म्हणून ते खोडता येत नाही.

चौकट२४:
तुम्ही दर वेळी भावनेवर नेता. धोतर शिकवणं म्हणजे स्टुडिओ उभा करणं नव्हे. आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही.

पाड्यावरची_बाई:
मी वीस वर्षं जव्हारकडे शिक्षिका होते. मालकी वगैरे मला कळत नाही. मीना मुलांना दाखवली आहे. पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती मिठू पोपटाला पाठवते आणि त्याच्याकडून शिकते. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर लावली होती. मीनाच्या वाट्याला आंब्याची लहान फोड येते त्या गोष्टीला मागे बसलेल्या बाया हसल्या नाहीत, एकदम गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी एका आईने सहावीतून काढलेली पोर परत आणून बसवली. मीना तिला परकी वाटली नाही, कारण तिचा चेहरा आणि कपडे असे काढलेत की कुठल्याही गावची वाटावी. तो चेहरा राम मोहनांनी काढला.

चौकट२४:
बाई, मीनापुरतं मागे घेतो. ‘एवढाच वारसा’ हे शब्द चुकले. पात्र युनिसेफचं राहिलं आणि स्टुडिओ बुडून गेला, हे मात्र मागे घेत नाही.

पेन्सिलवाला:
बुडाला नाही, विलीन झाला. तुम्हीच वर लिहिलंय.

रंगारीण:
जानेवारीत मी रामायण बघायला गेले होते. शेवटी नावं सुरू झाली तशी थिएटर रिकामं झालं, झाडूवाला आला. मी उभी राहून वाचत होते. रंग भरणाऱ्यांची नावं येतात का, तेवढंच बघायचं होतं.