रुग्णालयाच्या स्टोअरचा खर्च आवरायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: १०० खाटांचं रुग्णालय आहे. एकीकडे औषधं एक्स्पायर होतात, दुसरीकडे ऐन वेळी हातमोजे संपतात. सॉफ्टवेअरमध्ये डेटा भरपूर आहे, पण वापरायचा कसा?

उत्तर १: आधी आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वस्तूंची मूळ यादी, साफ करा, बाकी सगळं नंतर. एकच सिरिंज तीन नावांनी चढलेली असते; खरेदी बॉक्समध्ये, वाटप नगात. १०० नगांचा बॉक्स '१' म्हणून नोंदला गेला की खपाचे आकडे कुचकामी. प्रत्येक वस्तूला एकच कोड, एकच एकक. नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

उत्तर २: हे झाल्यावर एबीसी विश्लेषण, म्हणजे वस्तूंचे खर्चानुसार तीन गट: सर्वाधिक खर्चाचा 'ए', मधला 'बी', सर्वांत कमी खर्चाचा 'सी'. १२ महिन्यांचा खप गुणिले दर, उतरत्या क्रमाने लावा. साधारण १० टक्के वस्तूंवर ७० टक्के खर्च दिसतो. दरांची घासाघीस तिथेच करा. पण तेवढ्यावर थांबू नका! अ‍ॅड्रेनालिन हे आणीबाणीचं औषध स्वस्त म्हणून 'सी' गटात जातं, आणि नेमकं तेच संपलं तर रुग्णाच्या जिवावर बेततं. म्हणून व्हीईडी वर्गीकरणही जोडा, म्हणजे वस्तू किती गरजेची यानुसार गट: व्हायटल (जीवरक्षक), इसेन्शियल (आवश्यक), डिझायरेबल (असली तर बरी). ऑर्डर कधी द्यायची तेही ठरवा: रोजचा खप ४०, माल यायला ७ दिवस, राखीव साठा ८० असेल, तर शिल्लक ३६० वर (४० × ७ + ८०) येताच ऑर्डर द्या.

उत्तर ३: वॉर्डातली कपाटंही मोजा. स्टोअरमधून निघालेला माल वापरला गेला असंच बरीच सॉफ्टवेअर धरून चालतात, म्हणून तिथली एक्स्पायरी अहवालात दिसतच नाही. मुदतीचे ९० दिवस उरले की माल जास्त खपाच्या वॉर्डात हलवा.