चंद्र, कासवं आणि मुंबई बंदर

ए-१०२: लेकीला शाळेत प्रश्न आलाय. चंद्राला फेरी मारून परत आलेले पहिले जीव कोण? अपोलो ८ चे अंतराळवीरच ना? उद्या द्यायचंय 🙏

सी-३०२ काका: नाही. कासवं. दोन.

बी-४०४: काका, चहा झाला का? 😄

सी-३०२ काका: थट्टा नाही. रशियाचं झोंड ५ यान, सप्टेंबर १९६८. अपोलो ८ गेलं डिसेंबरात. माणूस पाठवायच्या आधीची चाचणी होती, म्हणून आत कासवं, माश्या, बिया. चंद्रापासून साधारण १,९५० किमीवरून वळसा घेतला. ससा-कासवाचा विनोद कोणी करू नये, ५६ वेळा ऐकलाय.

बी-४०४: टाइप करून खोडला 😐

ए-१०२: पण जिवंत आली का?

सी-३०२ काका: आली. वजन दहाएक टक्के घटलं, पण भूक शाबूत. घोळ झाला उतरताना. दिशा सांभाळणारी यंत्रणा बिघडली, यान दगडासारखं खाली आलं. जायचं होतं कझाकस्तानात, पडलं हिंदी महासागरात, २१ सप्टेंबरला. रशियन जहाजाने उचललं आणि आणलं कुठे? आपल्या मुंबईत! इथून विमानाने रशियाला.

डी-२०१: काका, हे फॉरवर्ड वाटतंय.

सी-३०२ काका: फॉरवर्ड तुम्ही पाठवता, मी नाही. जहाज वासिली गोलोव्निन, विमान आंतोनोव १२. शोधा.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. १० ते १ पाणी बंद. भरून ठेवा.

डी-२०१: सापडलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं होतं. सॉरी काका 🙏 माझे बाबा तेव्हा गोदीत टॅली क्लार्क होते. कुठल्या बोटीतून काय उतरलं ते रोज जेवताना सांगायचे. खजूर, गंधक, यंत्रं. हे कधीच नाही बोलले.

सी-३०२ काका: त्यांना तरी कोण सांगणार? पेटीवर थोडंच लिहितात, माल चंद्राकडून आलाय म्हणून.

बी-४०४: कस्टमवाल्यांनी 'मूळ देश' रकान्यात काय भरलं असेल 😂

ए-१०२: लेक विचारतेय, पुढे कासवांचं काय झालं?

सी-३०२ काका: तिला सांगू नका. तपासणीसाठी मॉस्कोत कापली.

ए-१०२: काका, फोन तिच्याच हातात आहे.

सी-३०२ काका: अरे देवा.