जुन्या निगेटिव्ह्जसाठी कोणता लाइट बॉक्स वापरावा?

प्रश्न
वडिलांनी आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह्ज आणि नंतरच्या 35 मिमी रंगीत फिल्मच्या पट्ट्या बिस्किटांच्या दोन डब्यांत सापडल्या. डीएसएलआर आणि मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून फोटो घेणाऱ्या लेन्सने) त्यांचे फोटो घेऊन संगणकावर त्यांचे पॉझिटिव्ह करायचा विचार आहे. घरात मुलीचा चित्रे गिरवण्याचा ए-4 आकाराचा एलईडी पॅड आहे आणि ओळखीचे एक डॉक्टर एक्स-रे पाहण्याची ट्यूबलाइटची जुनी पेटी द्यायला तयार आहेत. यांपैकी एकावर काम भागेल का?

पहिले उत्तर
कृष्णधवलसाठी पॅड पुरेसा आहे, कारण शेवटी आपल्याला करड्या छटाच हव्या असतात. मात्र फिल्म पॅडवर थेट टेकवू नका, नाहीतर दुधी अ‍ॅक्रिलिकवरची धूळ आणि ओरखडे फिल्मइतकेच स्पष्ट उमटतील. काळ्या कार्डशीटमध्ये निगेटिव्हच्या मापाची खिडकी कापून ती दोन-तीन सेंटिमीटर उंचावर बसवा, म्हणजे बाजूने लेन्समध्ये शिरून फोटो फिकट करणारा प्रकाशही अडेल. माझे पहिले दोन रोल याच आळसापायी पुन्हा करावे लागले.

दुसरे उत्तर
रंगीत पट्ट्यांचे गणित वेगळे आहे. त्या फिल्मच्या मुळातल्या नारिंगी रंगछटेमुळे निळा प्रकाश आधीच बराच अडतो, त्यात पॅडच्या प्रकाशात एखादा रंग कमी असला तर चेहऱ्यांचे रंग बिघडतात आणि संगणकावर कितीही खटपट केली तरी पुरते सुधारत नाहीत, म्हणून 95 किंवा अधिक सीआरआयचा (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी अंक) पॅड घेतलेला बरा. एक्स-रेच्या पेटीत साधा चोक असेल तर 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे येतात.

प्रश्नकर्ता
पेटी आणून पाहिली. 1/250 सेकंदाला खरोखरच आडवे काळपट पट्टे आले, पण ट्रायपॉडवर अर्धा सेकंद ठेवल्यावर ते नाहीसे झाले. रंगीत पट्ट्यांसाठी नवा पॅड घेतो. फिल्मची कोणती बाजू वर ठेवावी? काही पट्ट्यांवर बुरशीही दिसते, ती ओल्या कापडाने पुसू का?

दुसरे उत्तर देणारे
चकचकीत बाजू लेन्सकडे ठेवा, म्हणजे कडेचे आकडे सरळ वाचता येतील. बुरशीला पाणी मात्र मुळीच लावू नका, कारण तिने पोखरलेले जिलेटिन (फिल्मवरचा चित्र धरून ठेवणारा थर) पाण्यात विरघळते आणि त्याबरोबर चित्रही जाते. त्या पट्ट्यांचे फोटो आहेत त्या स्थितीतच आधी काढून घ्या.