मदत हवी आहे : ‘धर्महिंसा तथैव च’ हे शब्द आले कुठून?

सप्रेम नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर सुविचार रंगवून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. पेंटरने ‘अहिंसा परमो धर्मः’ एवढे लिहून ब्रश धुवायला घेतला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी ‘धर्महिंसा तथैव च’ हा उत्तरार्ध जोडण्याचा आग्रह धरला आणि काम तिथेच थांबले.

महाभारताच्या आदिपर्वात डुंडुभ (शापाने साप झालेला एक ऋषी) रुरू या ऋषिपुत्राला ‘अहिंसा परमो धर्मः सर्वप्राणभृतां स्मृतः’ असे सांगतो. अनुशासनपर्वात मांसभक्षणाचा विषय चालू असताना भीष्म युधिष्ठिराला ‘अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः’ असे सांगतात. या दोन्ही ठिकाणी तो उत्तरार्ध नाही. अर्थाची दिशाच बदलणारे शब्द व्यासांच्या नावावर भिंतीवर लिहिणे मला मनापासून पटत नाही.

ज्यांच्या घरी जुने सुभाषितसंग्रह किंवा कीर्तनाच्या वह्या असतील, त्यांनी हा उत्तरार्ध कोणत्या पुस्तकात आढळतो, हे प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांकासह कृपया कळवावे. ‘धर्महिंसा’ या समासाचा विग्रह ‘धर्मासाठी हिंसा’ असाच करावा की ‘धर्माची हिंसा’ असाही होऊ शकतो, हेही संस्कृतच्या जाणकारांनी सांगावे, ही विनंती.