उत्क्रांतीने पाद्र्यांना समाजसुधारक केलं का?

औदुंबर: डार्विन आला आणि चर्च बिथरलं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण अमेरिकेतल्या उदारमतवादी प्रोटेस्टंटांनी उत्क्रांती चक्क पदरात घेतली. त्यांच्यातलेच पाद्री लायमन ॲबट यांनी १८९२ मध्ये ख्रिस्ती धर्मच उत्क्रांत होत आलाय असं मांडलं. स्कॉटलंडचे धर्मप्रचारक लेखक हेन्री ड्रमंड १८९४ मध्ये म्हणाले, निसर्गात स्वतः जगण्याची धडपड आहे तशी दुसऱ्याला जगवण्याचीही आहे, आईकडे बघा. समाज बदलतो, तर देवाचं राज्य मेल्यावरच कशाला? सोशल गॉस्पेल चळवळीला, म्हणजे गरिबी आणि अन्याय हटवणं हेही धर्मकार्य मानणाऱ्या चळवळीला, बळ मिळालं ते इथून.

खडूस काका: काहीतरीच! या चळवळीचे मोठे नेते वॉल्टर रॉशेनबुश १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीलगत पाद्री झाले. बेकारी, कोंदट खोल्या आणि लहान मुलांची प्रेतं पुरणं, यांनी तो माणूस हलला. उत्क्रांती ही नंतर चढवलेली झूल. नुसती उत्क्रांती काय करते ते हवं असेल तर अमेरिकेतले प्रसिद्ध पाद्री हेन्री वॉर्ड बीचर घ्या. 'जो लायक तोच टिकतो' हे समाजालाही लावणाऱ्या स्पेन्सर या तत्त्वज्ञाचे चाहते, आणि १८७७ च्या रेल्वे संपात मजुरांना सांगत होते की दिवसाला एका डॉलरात भागतं!

औदुंबर: काका, मुलांची प्रेतं आधीचे पाद्रीही पुरतच होते की. 'देवाची इच्छा' म्हणून घरी जात होते. आणि झूल म्हणाल तर १९१२ च्या पुस्तकात रॉशेनबुश स्वतःच म्हणतात, उत्क्रांतीचे सिद्धान्त श्रद्धेच्या भाषेत आणा, की देवाच्या राज्याची शिकवण हाती येते.

रानवाट: दोघेही एक गोष्ट टाळताय. जोसाया स्ट्राँग हेही याच चळवळीतले, शहरांतल्या गरिबीवर पोटतिडकीने लिहिणारे. १८८५ च्या त्यांच्या पुस्तकात वंशावंशांची शेवटची स्पर्धा होणार आणि अँग्लो-सॅक्सन सगळीकडे पसरणार, असं भाकीत आहे. समाजाची शिडी मांडली की वरच्या पायरीवर कोण, हे शिडी मांडणाराच ठरवतो.

औदुंबर: स्ट्राँगचा बचाव मी करणार नाही. पण ड्रमंडला त्याच्या दावणीला बांधू नका.

खडूस काका: ते १९१२ चं वाक्य माझ्याकडून सुटलं होतं, मान्य. तरी साल बघा, हेल्स किचन २६ वर्षं आधी! आणि १९०८ मध्ये फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चेसच्या संघटनेने सामाजिक जाहीरनामा काढला, त्यात काय मागितलं? बालमजुरी बंद, सातांतला एक दिवस सुट्टी, पोटापुरता पगार. यातलं काय मागायला डार्विन लागतो?