विहिरीवरील मोटरीसाठी मोबाईल स्टार्टर कोणता घ्यावा?

ओतूरची_लेक: जुन्नर तालुक्यातील आमची विहीर घरापासून लांब आहे आणि तिच्यावर पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर आहे. विजेच्या रात्रपाळीच्या आठवड्यात माझे वडील मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला जातात, आणि आमच्याकडे उसात बिबट्या असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करणारे, चार हजार रुपयांच्या आतील यंत्र सुचवावे.

द्राक्षबागायतदार: चार हजारांत अडकू नका. मी बारा हजारांचे यंत्र बसवले असून व्होल्टेज, करंट, मोटर चाललेले तास असे सगळे ॲपवर दिसते. भाचीच्या लग्नाच्या मांडवातून मी मोटर बंद केली होती.

कोरडवाहू: त्यापेक्षा सौर पंप घ्यावा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला केवळ १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्के रक्कम भरावी लागते.

जुना_वायरमन: ती योजना पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे, ताईंकडे जोडणी आहे. ताई, आधी विहिरीजवळ कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते पाहा, कारण यंत्र टूजीचे असेल तर त्यात जिओचे सिम चालणार नाही. एक फेज गेल्यास मोटर जळते, म्हणून तेव्हा ती बंद करणारी सोय हवीच. विहीर उपसली की मोटरीचा करंट उतरतो आणि त्यावरून ड्राय रन, म्हणजे मोटर पाण्याविना चालणे, ओळखले जाते. तीही सोय मागून घ्या.

हळदवाला: एवढा खटाटोप कशाला? साधा ऑटो बसवा, लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते.

जुना_वायरमन: सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट येताच साऱ्या शिवारातील ऑटो एकाच क्षणी चालू झाले, तर डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती भार येईल? महावितरण ऑटो काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार करते ते याचसाठी.

हळदवाला: माझा कॅपॅसिटर बसवलेला आहे, शेजाऱ्यांचे त्यांनी पाहावे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे बिल २०२४ मध्ये माफ झाले, पण दिवसाची वीज मागितली की सगळे गप्प बसतात.

सातपुड्याकडचा: सौर पंपाला केवळ १० टक्केच भरावे लागतात, असे ऐकले आहे.

पाटकरी: घरबसल्या मोटर सुरू होईल, पण पाटाने पाणी देत असाल तर दारे धरायला, म्हणजे पाणी वळवायला, माणूस शेतात लागणारच, मग वडिलांची फेरी वाचली कुठे? आमच्याकडे स्टार्टर आल्यावरही रात्रीची झोप गेली ती गेलीच. ठिबक असेल तरच या खर्चाला अर्थ आहे.

ओतूरची_लेक: सर्वांचे आभार. ठिबक फक्त कांद्याला आहे. तेवढ्यासाठी मिस्ड कॉलवर चालणारा, ॲप नसलेला स्टार्टर ओतूरमधल्या मोटर-रिवाइंडिंगवाल्याकडून घेत आहे. त्यात वायरमनदादांनी सांगितलेले ड्राय रन नाही, पण तो बसवून देईल आणि बिघडल्यास त्याच दिवशी येईल. उसाला पाणी दिवसाच्या पाळीतच द्यायचे, हे वडिलांनी मान्य केले आहे.

जुना_वायरमन: ड्राय रनशिवाय घेऊ नये, असे माझे मत कायम आहे. निदान यंत्रातील सिमचे रिचार्ज संपू देऊ नका, आणि वडिलांच्या जोडीला आईचाही क्रमांक त्यात नोंदवा.

द्राक्षबागायतदार: ॲप नसल्याचा पश्चात्ताप होईल.