गोदीच्या स्फोटातली पोरकी मुलं: तुमच्या घरी काय सांगतात?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोट दुपारी चारनंतर दोनदा फुटली. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या. मांडवीकडची वस्ती जळाली, ६६ अग्निशामक जवान गेले. त्या आगीत पोरक्या झालेल्या बहीण-भावावर कादंबरी लिहितोय. पुस्तकातली अनाथ मुलं एकतर रडतात, नाहीतर एखाद्या शेठजींना सापडतात. मला तसलं नको. चाळीनं परक्या पोराला कसं सामावून घेतलं, ते घरात ऐकलं असेल तर लिहा.

*

आमचे आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत वाढले. बाप गोदीत हमाल, त्या दिवशी गेला तो गेलाच. आई आधीच वारलेली. खोलीत राजापूरकडचे वीसेक गडी, सगळे गिरणीत, पाळीपाळीनं झोपणारे. रात्रपाळीवाला सकाळी अंघोळ घालायचा, दिवसपाळीवाला संध्याकाळी पाढे म्हणून घ्यायचा. खाणावळवाली मावशी आजोबांच्या हाती गिरणीच्या फाटकावर डबे धाडायची आणि वहीत त्यांच्या नावावर कधी काही मांडायची नाही. "लाड वाटून मिळाले, मार मात्र प्रत्येकाचा वेगळा," असं म्हणायचे.

*

माझ्या आजीला शेजारणीनं ठेवून घेतलं. मुंबईत १९४३ पासून रेशनिंग. कार्डावर नाव चढेपर्यंत तिचं पोट बाकीच्यांच्या वाट्यातून भरायचं. घरच्या मुलीनं अबोला धरला, फणीसुद्धा देईना. कागदोपत्री दत्तक घ्यायची सोय नव्हती. मुलींसाठी तो कायदा १९५६ ला आला. लग्नपत्रिकेत आडनाव सख्ख्या बापाचं, निमंत्रक मात्र हे घर. त्या दोघींची भांडणं म्हातारपणापर्यंत चालली. बहिणीच होत्या, दुसरं काय!

*

आमच्याकडे गोदीचं नाही, १८९६ च्या प्लेगचं आहे. पणजोबांना मावशी बोटीनं कोकणात घेऊन गेली. पुढचं सांगणारं कुणी उरलं नाही.

*

दादा, स्फोटात सोन्याच्या विटा उडाल्या हे खरं, पण कृपा करून तुमच्या पोरांना एकही सापडू देऊ नका. आणि दोघांना एकाच बिऱ्हाडात ठेवू नका. दहा बाय बाराच्या खोलीत एक जादा तोंड लोकांनी निभावलं, दोन कुठून निभावणार? माझ्या आईचे मामा तळमजल्यावर वाढले, मावशी दुसऱ्या माळ्यावर. मामा जेवण झालं की जिना चढून जायचे, बहीण जेवली का बघायला. वरच्या काकूंना ते झोंबायचं. "आम्ही काय उपाशी ठेवतो काय रे हिला?" म्हणायच्या, आणि त्यालाही ताटावर बसवायच्या.